जीपमधल्या सहा वस्तू

माझ्या धाकट्या भावाने वेगळी चूल मांडली ते साल ब्याऐंशी. घरातली भांडी आणि अवजारं वाटून झाली, त्याच आठवड्यात आरोग्य केंद्राची जीप सुरू करताना हँडल उलटं फिरलं आणि माझं उजवं मनगट मोडलं.

"अंगठा कुठे होता?" प्लास्टर घालताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

हँडल मारताना अंगठा बोटांच्या बाजूला ठेवायचा, मुठीत वळवायचा नाही, हे मी चौदा वर्षं दुसऱ्यांना सांगत आलो होतो.

"म्हणजे मुठीत होता," त्या म्हणाल्या. "आता सहा आठवडे गाडी कोण चालवणार?"

"तालुक्याहून ड्रायव्हर मागवा."

"मागवला. ते म्हणतात, दिवाळीनंतर बघू."

"मग दिवाळीपर्यंत गाडी उभी."

"मला शिकवा," बाई म्हणाल्या.

मी हसलो. नलिनी गायधनी त्यांचं नाव. नाशिकच्या, वय सव्वीस, उंबरठाण्याच्या आरोग्य केंद्रात येऊन सहा महिने झाले होते. वडिलांची फियाट चालवलेली होती, एवढं मला माहीत होतं. पण फियाट चालवणं वेगळं आणि आमच्या डोंगरावर जीप चढवणं वेगळं. उंबरठाण्यापर्यंत डांबरी रस्ता होता. त्याच्या वरच्या सगळ्या वाड्यांना लाल मातीची वाट, मध्ये ओढे, आणि पावसाळ्यात तांबड्या खिंडीत गुडघाभर चिखल.

"हसायला काय झालं, लहानूभाऊ?"

"काही नाही. साडी नेसून क्लच दाबायचा म्हणजे पदर आधी बांधायला लागेल."

"बांधते की," त्या म्हणाल्या. आणि खरंच कमरेला खोचला.

पहिल्या दिवशी मी त्यांना गाडीत बसूच दिलं नाही. जीपच्या मागच्या बाजूचं सगळं सामान काढून अंगणात मांडलं. काथ्याचा जाड दोर. फावडं. जॅक. जॅकखाली ठेवायची सागाची फळी. पायाने मारायचा हवेचा पंप. पाण्याचा डबा. फावड्याच्या दांड्यावर मी केव्हातरी लाल रंगाचा पट्टा मारलेला होता, कुणी उचलून नेलं तर ओळखू यावं म्हणून.

"गाडी शिकायच्या आधी हे शिका," मी म्हणालो. "दोर कशाला?"

"ओढायला."

"बरोबर. कुणी बैल घेऊन मदतीला आला तर त्याच्या हातात काय देणार, पदर? फळी कशाला?"

"जॅकखाली."

"कारण?"

त्यांनी फळी उलटसुलट करून पाहिली.

"चिखलात जॅक लावला की गाडी वर जात नाही, जॅक खाली जातो. फळी असली की तो बसतो. पंप कशाला?"

"पंक्चरला."

"नाही. चिखल आला की टायरमधली हवा कमी करायची. टायरचं पोट जरा सुटलं की ते माती धरतं. चिखल संपला की परत हवा भरायची. पंप नसला तर पुढच्या दगडांवर टायर कापून निघेल."

"आणि फावडं?"

"गाडीचं पोट मातीवर टेकलं की चारही चाकं नुसती फिरतात. मग कितीही जोर लावा. पोटाखालची माती काढल्याशिवाय ती हलत नाही. ते काम हाताने होत नाही."

बाईंनी एकेक वस्तू उचलून पाहिली. मी त्यांना सांगितलं की रोज निघायच्या आधी या सहा वस्तू बघायच्या. डोळ्याने नाही, हाताने. प्रत्येकीला हात लावायचा आणि मोठ्याने नाव घ्यायचं.

"आणि यातली एखादी नसली तर?"

"गाडी फाटकाबाहेर जात नाही."

"पेशंट मरायला टेकला असला तरी?"

"तरीच. उभ्या गाडीतला पेशंट निदान डोली करून नेता येतो. मध्येच अडकला तर तो धड इकडचा ना तिकडचा."

"फार कडक मास्तर आहात," त्या म्हणाल्या.

तीन आठवडे मी त्यांच्या शेजारी बसलो. हात गळ्यात अडकवलेला, तोंड चालू. ओढ्यात गाडी घालायच्या आधी स्वतः काठी घेऊन पाण्यातून चालून यायचं. पुढची चाकं इंजिनला जोडायचा दांडा चिखल यायच्या आधी ओढायचा, अडकल्यावर नाही. उतारावर पहिल्या गिअरमध्ये गाडी सोडून द्यायची, इंजिन तिला धरून ठेवतं. ब्रेकवर पाय ठेवायचा नाही. हे शेवटचं मी रोज सांगत होतो, कारण त्यांचा पाय रोज ब्रेकवर जात होता.

"पाय!" मी ओरडायचो.

"आपोआप जातो हो!"

"आपोआप जातो तोच बांधून ठेवायचा."

हळूहळू पाय थांबायला लागला. केंद्रातली नर्स म्हणायची, बाई झोपेतसुद्धा सहा वस्तू मोजत असतील.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात माझा चुलता, चिमाबुवा, पाचखडकला वारला. पाचखडक माझी वाडी, उंबरठाण्याच्या वर सात मैल, सात घरांची. माझं घर तिथेच. बायको ठकू तिथे होती आणि थोरली मुलगी चांगुणा बाळंतपणाला आली होती. तिचा नवरा कोंडाजी तिला पोचवून तिथेच राहिला होता. दुसरी खेप. पहिली मुलगी तीन वर्षांची, ती सासरी ठेवली होती. गुरुवारी मी चालत वर गेलो, मातीत सामील झालो, रात्री घरी राहिलो आणि शुक्रवारी पहाटे ड्युटीवर खाली आलो. निघताना चांगुणा चुलीपाशी बसली होती.

"बाबा, हात कधी निघायचा?" तिने विचारलं.

"पुढच्या पंधरवड्यात."

"तोवर नातू होऊन जाईल. घेणार कसा?"

"डाव्या हाताने घेईन," मी म्हणालो.

नऊच्या सुमारास कोंडाजी केंद्राच्या फाटकातून आत आला. धावत आला होता. पाय मांड्यांपर्यंत लाल चिखलाने भरलेले.

"मामा," तो म्हणाला, आणि गुडघ्यांवर हात टेकून वाकला.

बाईंनी त्याला पाणी दिलं. मग तो म्हणाला, "कळा सकाळपास्नं आहेत. सुईण म्हणती, मूल आडवं आहे. हात बाहेर आलाय."

बाईंनी त्याला आणखी काही विचारलं नाही. आत जाऊन पिशवी भरली, सलाइनच्या बाटल्या घेतल्या, नर्सला तालुक्याच्या दवाखान्यात निरोप द्यायला सांगितलं. मी हँडल मारू शकत नव्हतो, ते कोंडाजीने मारलं. अंगठा कुठे ठेवायचा ते मी त्याला दाखवलं. इंजिन लागलं.

बाई मागे गेल्या आणि हात लावायला लागल्या.

"दोर. जॅक. फळी. पंप. पाणी." त्या थांबल्या. "फावडं?"

"आहे," मी म्हणालो.

"कुठे?"

"मागे पोत्याखाली."

त्यांचा हात जीपच्या मागच्या फळक्यावर होता. पोतं आतल्या कोपऱ्यात, त्याच्यावर औषधांची पेटी ठेवलेली. ती उचलल्याशिवाय खाली बघता आलं नसतं.

"बघू का?"

"बाई, आहे म्हटलं ना. चला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग चढून बसल्या.

"बाई चालवणार?" कोंडाजीने मागून विचारलं. "मामा?"

"तू गप बस," मी म्हणालो.

वर जाताना त्यांनी एकही चूक केली नाही. ओढ्यापाशी मी काठी घेऊन उतरायला लागलो तर म्हणाल्या, "तुमचा तोल जाईल एका हाताने, मी जाते." साडी वर खोचून पाण्यातून पलीकडे गेल्या, परत आल्या. "गुडघ्याच्या खाली. मध्ये एक मोठा दगड आहे, डाव्या अंगाने काढते." डाव्या अंगाने काढली. तांबड्या खिंडीत हवा कमी केली, चढ एका दमात चढवला. मला एक शब्द बोलावा लागला नाही.

खिंडीच्या वर दीड मैलावर आमचा मसणवटा आहे, रस्त्याला लागून. आमच्या वाडीत पुरतात. ज्या अवजारांनी माती दिली ती दहाव्यापर्यंत घरी आणायची नाहीत, अशी आमच्याकडे रीत. दहाव्याला गोमूत्राने धुवायची आणि मग घरी न्यायची. चिमाबुवाच्या खड्ड्याला कातळ लागला होता, म्हणून सातही घरांच्या कुदळी आणि फावडी लागली. ती सगळी बांधाला टेकवून ओळीने उभी होती.

"ही अवजारं इथे कशी?" बाईंनी गाडी न थांबवता विचारलं.

"मातीची आहेत," कोंडाजी म्हणाला. "दहावा होईपर्यंत हात लावायचा नाही त्यांना."

मी दुसऱ्या बाजूला बघत होतो.

पाचखडकला बाई घरात गेल्या आणि पाच मिनिटांत बाहेर आल्या. मला बाजूला घेतलं.

"लहानूभाऊ, पोटावर दोरी आवळल्यासारखी आडवी आटी उमटलीय. गर्भाची पिशवी फाटायच्या बेतात आहे. इथे माझ्याने काही होणार नाही, ऑपरेशन लागणार. मी इंजेक्शन दिलंय, त्याने कळा थोड्या थांबतील. पण दोन तासांत टेबलावर पाहिजे."

"खाली तास. पुढे डांबरीला पाऊण तास," मी म्हणालो. "पोचू."

"पोचू," त्या म्हणाल्या.

वाडीतले गडी पहाटेच खालच्या खोऱ्यात भाताच्या बेणणीला, तण काढायला, गेले होते. घरी म्हातारी माणसं आणि पोरं. मी, कोंडाजी आणि ठकू, तिघांनी चांगुणाला घोंगडीत घालून मागे ठेवलं. ठकूने तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि उशाला ठेवलेला विळा बरोबर घेतला. बाळंतिणीपाशी लोखंड लागतं. सलाइनची बाटली कोंडाजीने हातात वर धरली.

"बाबा," चांगुणा म्हणाली, "गाडी तुम्ही चालवा ना."

"मी शेजारीच आहे," मी म्हणालो.

पावणेबारा वाजले होते. पाऊस नव्हता, ऊनही नव्हतं. मसणवट्यावरून पुढे गेलो. बाईंचे दोन्ही हात चाकावर, अंगठे बाहेर, जसे मी शिकवले होते तसे. गाडी दगडावर आपटली की मागून चांगुणाचा आवाज यायचा आणि बाईंचं तोंड आवळलं जायचं.

तांबड्या खिंडीचा उतार आला.

"पहिला गिअर," मी म्हणालो. "सोडून द्या. इंजिन धरेल."

"हो."

"पुढची चाकं जोडली?"

"जोडली."

गाडी उतरायला लागली. दोन्ही बाजूंना दरड, मध्ये चाकांनी केलेल्या दोन खोल चाकोऱ्या, आणि त्या दोहोंच्या मध्ये मातीचा उंच वरंबा. चाकं चाकोऱ्यांच्या कडेवर ठेवून उतरायचं होतं. निम्मा उतार झाला. तेवढ्यात चांगुणा ओरडली. तो आवाज आधीच्या आवाजांसारखा नव्हता. बाईंनी मान वळवली आणि पाय ब्रेकवर गेला.

"पाय!"

चाकं जागच्या जागी थिजली आणि गाडी तशीच आडवी घसरली. मागचा भाग डावीकडे गेला, दोन्ही चाकं चाकोरीत उतरली, आणि जीपचं पोट वरंब्यावर बसलं. इंजिन बंद पडलं.

कोंडाजीने हँडल मारलं. इंजिन लागलं. बाईंनी मागे घेऊन पाहिलं, पुढे घेऊन पाहिलं. चाकं फिरत होती, चिखल उडत होता, गाडी तसूभर हलत नव्हती.

"थांबा," मी म्हणालो. "आणखी खाली जाईल."

बाई उतरून मागे धावल्या. आधी चांगुणाला पाहिलं, मग पेटी बाजूला केली आणि पोतं उचललं. पोत्याखाली काही नव्हतं.

"लहानूभाऊ. फावडं?" त्यांनी मला बाजूला ओढून हळूच विचारलं.

"होतं," मी म्हणालो. "पडलं असेल वाटेत."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग वर रस्त्याकडे पाहिलं. "त्या बांधाला फावडी आहेत. दीड मैल. कोंडाजी, धावत जा."

कोंडाजी जागेवरच उभा राहिला. ठकू गाडीतून म्हणाली, "मसणातलं फावडं? माझ्या पोरीच्या गाडीत?"

"ठकूबाई, वेळ नाही."

"मेलेल्याच्या मातीचं लोखंड बाळंतिणीपाशी आणायचं? तुम्ही शिकलेल्या असाल बाई, माझी पोर आहे ही. ते फावडं इथं आलं तर मी तिला घेऊन चालत जाईन."

"तुमच्या वाडीतून आणता येईल?"

"वाडी अडीच मैल," मी म्हणालो. "आणि वाडीतली सगळी तिथेच आहेत."

"मग?"

"हाताने काढू. निघेल."

मीच हे बोललो. हाताने होत नाही हे त्यांना अंगणात सांगणारा मीच होतो.

कोंडाजीने सागाची फळी घेतली, मी डाव्या हाताने माती ओढायला लागलो. बाईसुद्धा गुडघ्यांवर बसल्या. फळीने माती कापली जात होती, पण बाहेर निघत नव्हती. ओली लाल माती जितकी काढावी तितकी वरून खाली येत होती. जॅक लावून पाहिला, फळी खाली घातली, मागचं एक चाक उचललं, त्याच्याखाली दगड घातले. चाक उचललं पण पोट तसंच टेकलेलं. ठकूने गाडीतून विळा खाली दिला. स्वतःहून दिला. कोंडाजीने त्याने माती खरवडली.

बाई दर पाच मिनिटांनी हात पुसून वर चढत होत्या, नाडी बघत होत्या, परत खाली येत होत्या. एकदा आल्या तेव्हा घड्याळ बघून म्हणाल्या, "पाऊण तास झाला." पुढच्या वेळी म्हणाल्या, "एक तास." तिसऱ्या वेळी घड्याळ बघितलं नाही. माझ्यासमोर चिखलात बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "लहानूभाऊ, तुम्ही सांगा त्याला. माझं तो ऐकणार नाही."

गाडीत चांगुणाचा आवाज थांबला होता. ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

मी उठलो. "कोंडाजी, जा."

"मामा, आत्या म्हणत्यात..."

"मी सांगतोय. जा. धाव."

ठकू गाडीत रडायला लागली. कोंडाजी चढावर धावत गेला. तो दिसेनासा झाल्यावर बाई चांगुणापाशी जाऊन बसल्या. मी एका हाताने माती काढत राहिलो. तसा अर्धा तास गेला.

कोंडाजी खांद्यावर फावडं घेऊन उतारावरून घसरत आला.

"मामा, तुमचंच उचललं काल आणलेलं," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या घरचं कशाला? हे गाडीचंच आहे ना?"

दांड्यावर लाल पट्टा होता.

भावाने वेगळी चूल मांडली तेव्हा घरचं फावडं त्याच्या वाट्याला गेलं आणि कुदळ माझ्या. चुलत्याच्या मातीला भावाच्या फावड्याला हात लावायचा नाही असं मी ठरवलं होतं, म्हणून गुरुवारी निघताना मी जीपमधलं फावडं काढून नेलं होतं. माती झाल्यावर ते रीतीप्रमाणे बांधाला टेकवलं. शुक्रवारी बाईंनी हात लावत लावत विचारलं तेव्हा ते कुठे आहे हे मला पक्कं माहीत होतं. नाही म्हटलं असतं तर बाई निघाल्या नसत्या. गावातून दुसरं आणायला अर्धा तास गेला असता. माझी पोर वर होती. तो अर्धा तास मला वाचवायचा होता.

ठकूने गाडीतून मान बाहेर काढली. फावडं पाहिलं, मग मला.

"गाडीचं?" ती म्हणाली. "म्हणजे गाडी निघाली तीच फावड्याबिगर?"

मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो ते मला आजही सांगता येणार नाही. माझ्या आधी बाई बोलल्या.

"हो, गाडीचंच आहे. मीच त्यांना न्यायला सांगितलं होतं. दुसरं ठेवायला पाहिजे होतं, माझ्याकडून राहिलं." आणि कोंडाजीच्या हातून फावडं घेतलं. "खाली हो. मी इकडून काढते."

दहा मिनिटांत पोट मोकळं झालं. दहाच मिनिटं लागली. कोंडाजीने हँडल मारलं, बाईंनी दोन वेळा मागेपुढे झुलवून गाडी वरंब्यावरून उतरवली आणि खिंडीच्या तळाला नेली. तिथून ओढा, ओढ्यातला दगड, उंबरठाण्यापर्यंतची सगळी वाट त्यांनी अशी काढली, की तशी मीही काढली नसती. एकदाही ब्रेकवर पाय गेला नाही. डांबरीवर हवा भरायलाही थांबल्या नाहीत. मी शेजारी बसून होतो. सांगायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं.

तालुक्याच्या दवाखान्यात चांगुणाला आत घेतलं तेव्हा पावणेचार वाजले होते.

पुढच्या महिन्यात चौकशी झाली. जिल्ह्याहून एक साहेब आले, केंद्राच्या व्हरांड्यात टेबल टाकून बसले. कारकुनाने माझा जबाब वाचून दाखवला. वाहन वैद्यकीय अधिकारी स्वतः चालवत होत्या. उतारावर त्यांनी ब्रेक लावल्याने वाहन रुतले. वाहनातील फावडे त्यांच्या सांगण्यावरून आदल्या दिवशी बाहेर देण्यात आले होते व परत ठेवण्यात आले नव्हते.

"बरोबर आहे?" साहेबांनी विचारलं.

बाई दाराशी उभ्या होत्या. त्यांचा जबाब माझ्या आधी झाला होता, आणि माझ्या कागदावरचं शेवटचं वाक्य त्यांच्याच जबाबातून घेतलेलं होतं.

"बरोबर," मी म्हणालो. उजवा हात प्लास्टरमधून नुकताच निघाला होता आणि दुखत होता, म्हणून डावा अंगठा दिला.

बाईंची बदली झाली. सामान फार नव्हतं, दोन ट्रंका आणि एक वळकटी. एसटी यायला वेळ होता. मी ट्रंका फाटकापाशी आणून ठेवल्या आणि उभा राहिलो.

"बाई, असं का बोललात?"

"काय?"

"तुम्हाला माहीत आहे काय ते."

त्या रस्त्याकडे बघत होत्या. "ब्रेक मीच मारला, लहानूभाऊ. ते काही खोटं नाही."

"फावड्याचं खोटं आहे."

"तुम्हाला त्या घरात राहायचंय," त्या म्हणाल्या. "मला बदली मिळते."

"मी सांगतो. आजच साहेबांना सांगतो. घरी सांगतो."

"सांगा," त्या म्हणाल्या. त्यात टोचणी नव्हती. एसटी आली तेव्हा मी एक ट्रंक वर चढवली, दुसरी कंडक्टरने घेतली.

मी सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, त्या वर्षी नाही. वाडीत नाव बाईंचंच राहिलं. भाताच्या लावणीला लागल्या की बायका बोलायच्या, शिकाऊ बाईने गाडी घातली चिखलात, फावडंसुद्धा ठेवलं नव्हतं. मी ऐकत होतो. कोंडाजीने दुसरं लग्न केलं, त्यानंतर तो आमच्याकडे फारसा आला नाही. ठकू मात्र दर भाद्रपदात बाईंना शिव्या द्यायची, नाव घेऊन, हात वर करून. मी अंगणात जाऊन बसायचो. बाईंचं पुढे काय झालं, कुठे असतात, मला ठाऊक नाही. चौकशी करायची तर कुणाकडून तरी पत्र लिहून घ्यावं लागलं असतं, आणि लिहिणाऱ्याला ते कळलं असतं. साठीला टेकल्यावर अक्षरं शिकलो. तेव्हा पत्ता कुठला लिहायचा हे माहीत नव्हतं. आणि घरात ठकू होती.

ठकू दोन वर्षांपूर्वी चैत्रात वारली, आजारपणाने, आपल्या अंथरुणात. चांगुणाच्या पोटातला मुलगा खिंडीतच गेला होता, गाडी अडकलेली असताना. बाईंना ते कळलं होतं, आम्हाला त्यांनी दवाखान्यात पोचल्यावर सांगितलं. चांगुणा त्याच दिवशी वारली, शुक्रवार, २७ ऑगस्ट १९८२, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, टेबलावर घेण्याआधी. तिचं वय बावीस होतं.